चिमण्या बंद होत्या तेव्हा

"जोडीदार घावला," मालक दारातूनच म्हणाले.

निवडणुकीच्या बंदोबस्ताहून ते नुकतेच परतले होते. पायात बूट तसेच, काखेत वळकटी तशीच. मी सुलभाला पुढे वाकवून तिची पाठ चोळत बसले होते. ती तेव्हा सहा वर्षांची होती. खोकून खोकून तिच्या ओठांचा रंग गेला होता.

"खरा घावला, का मागच्यागत?"

"खरा. देवराव ढोके नाव हाय. साताऱ्यात शिपाई हाय, पण मूळचा ह्या जिल्ह्यातला. पार त्या टोकाच्या तालुक्यातला. घरी म्हातारी आई, तिचं एका बाजूचं अंग गेलंय. एकुलता लेक. त्याला हिकडं यायचंय, आपल्याला तिकडं जायचंय. आणि काय पायजे?"

"त्याला हितलं ठावं हाय?"

मालकांनी वळकटी खाली ठेवली आणि बुटाची नाडी सोडायला बसले.

पोलिसाचं असं असतं की ज्या जिल्ह्यात भरती झाला तो जिल्हा त्याच्या कपाळी कायमचा. ठाणं बदलतं, तालुका बदलतो, जिल्हा बदलत नाही. आमचे मालक माण तालुक्यातले, साताऱ्याकडचे. पण त्यांच्या भरतीच्या वर्षी साताऱ्यात जागा कमी होत्या, म्हणून मित्राच्या नादानं ते इतक्या लांब येऊन छाती मोजून गेले आणि लागले. परत आपल्या जिल्ह्यात जायची सोपी वाट एकच होती. तिकडचा कोणीतरी इकडं यायला राजी पाहिजे. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, दोन्हीकडच्या साहेबांनी ना हरकत द्यायची. याला आपसी बदली म्हणतात. मला त्या वेळी अक्षर येत नव्हतं, पण मालकांनी तो अर्ज इतक्या वेळा वाचून दाखवला होता की मला तो आरतीसारखा पाठ होता.

जोडीदार शोधायची जागा म्हणजे बंदोबस्त. चार जिल्ह्यांचे पोलीस एका शाळेत उतरतात, एका पंगतीला बसतात. भात वाढता वाढता एकमेकांना विचारतात, "तुमच्यात आमच्या बाजूचा कोण हाय का हो?" लग्नाच्या मुलीचा बाप जसा प्रत्येक मांडवात विचारत फिरतो, तसं. आमच्या पोलीस लाइनीत या जोडीदाराला 'स्थळ' असंच म्हणायचे. स्थळ आलं, स्थळ मोडलं, स्थळ अजून घरी विचारून सांगतो म्हणालं. आणि लाइनीतला एक अलिखित नियम होता. कोणाचं जमत आलेलं स्थळ दुसऱ्यानं मोडायचं नाही. आज त्याचं, उद्या आपलं.

आमची दोन स्थळं आधी मोडली होती. एकाला स्टँडवरच्या चहावाल्यानं सगळं सांगितलं, तो लाइनीपर्यंत आलाच नाही. दुसरा बायकोला घेऊन आला. तिनं आल्या आल्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि चहा न घेता उठली.

तिच्या बोटाला राख लागली होती.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात. गावाला लागून वीजकेंद्र होतं, त्याच्या दोन चिमण्या होत्या आणि वारा पोलीस लाइनीकडं असायचा. सकाळी अंगण झाडलं की दुपारी त्यावर बोटानं चित्र काढता येईल इतकी राख. वाळत घातलेल्या पापडावर राख, दुधाच्या सायीवर राख. मोठी माणसं शिंकून, थुंकून जगायची. सुलभाला ते जमलं नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "बाई, औषध मी देतो. हवा कुठून देऊ? अजून एक हिवाळा हिला इथं काढायला लावू नका."

माणात गेलो की चार दिवसांत तिचा खोकला थांबायचा. तिला घेऊन मी तिथं आमच्या वाडीलाच राहावं, असंही करून पाहिलं होतं. पण सासू-सासरे नव्हते आणि दीर-जाऊ मेंढरं घेऊन आठ महिने घाटाखाली असायचे. मोकळ्या वाडीत एकटी बाई आणि एक पोर. एकदा ती तापानं फणफणली तर तिला दवाखान्यात न्यायला गाडी नाही आणि माणूस नाही. ते कळल्यावर मालक स्वतः येऊन आम्हाला परत घेऊन गेले. म्हणाले, "जगलो तर तिघं एका जागी."

तर आता हा देवराव ढोके. मालकांनी त्याला लगेच बोलावलं नाही. त्यांची ड्यूटी तेव्हा वीजकेंद्राच्या फाटकावर होती, तिथं त्यांना कळलं होतं की एका संचाची मोठी दुरुस्ती चालू आहे आणि मे महिन्यात दुसराही आठवडाभर बंद ठेवणार आहेत. दोन्ही चिमण्या एकदम बंद, असं आम्ही तिथं राहायला गेल्यापासून झालं नव्हतं. मालकांनी त्या आठवड्यातला रविवार ढोक्यांना कळवला.

"बायकूला घिऊन या म्हणून लिवलंय," ते म्हणाले. "घर बघू दे, नळ बघू दे. बायकू हो म्हणली की काम झालं."

त्यांच्या बाहीवर नाईकाच्या पट्ट्या होत्या. अशा बदलीनं दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पुन्हा शिपाई म्हणून जावं लागायचं, यादीत सगळ्यांच्या खाली. इतक्या वर्षांची नोकरी पाण्यात. त्यांनी तसं लिहून द्यायची तयारी ठेवली होती आणि त्याबद्दल घरात एक शब्द काढला नव्हता. त्यांना मी काय बोलणार?

चिमण्या बंद झाल्या आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला लाइनीतून डोंगर दिसला. तिथं डोंगर आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या खंडारेबाई त्याच भागातल्या, हवालदाराची बायको. सगळ्या लाइनीवर त्यांचा वचक. शनिवारी त्यांनी सगळ्या बायांना कामाला लावलं. कौलांवर पाणी मारलं, खिडक्या पुसल्या, दारापुढचा कडुनिंब पंपाच्या नळीनं धुऊन काढला. माझी तुळस तर त्यांनी पान पान करून ओल्या फडक्यानं पुसली.

"लगीनच आहे म्हना ना लाइनीत," त्या म्हणाल्या. "अन् हे पहा शेंडगीणबाई, पोट्टीले माह्या घरी ठेवू. मी खडीसाखर देते तिले, बसवते गप. पाहुणे जाईपर्यंत तुम्ही तिकडे फिरकू नका. आईले पाहिलं की ती अजून खोकलते."

सुलभाला मी सांगितलं, "पावणे यायच्यात. काकूंकडं बस. माझं नाव काढू नगंस."

"का?"

"बस म्हणलं की बसायचं."

ती खंडारेबाईंचा हात धरून गेली. जाताना तोंडावर हात दाबून खोकली.

पाहुणे दहाच्या गाडीनं आले. देवराव ढोके ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, बोलायला मोकळे. त्यांची बायको वनमाला त्यांच्यापेक्षा बोटभर उंच, हडकुळी, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. मी पोहे केले होते. देवराव बशी हातात घेऊन हसले.

"पोहे खाऊन मानूस पोरगी पसंत करते. आपल्याले इथं नळ पसंत करायचा आहे."

"नळाला भांडान न्हाई आमच्यात," मालक म्हणाले.

खंडारेबाई दारात उभ्याच होत्या. "खोटं नका सांगू शेंडगे. भांडन आहे. पन भांडल्याशिवाय आम्हालेच करमत नाई. पानी मात्र भरपूर."

सगळे हसले. खंडारेबाई मला डोळ्यानं खूण करून आपल्या घरात गेल्या.

जेवणं उरकल्यावर मालक देवरावांना घेऊन अंगणात बाजेवर बसले. अर्ज मांडीवर, खाली पुठ्ठा. दोघांच्या सह्या करून देवराव आपली प्रत साताऱ्याला घेऊन जाणार होते. मी आणि वनमाला स्वयंपाकघरात होतो. खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"इथं राख उडते म्हनतात बा," देवराव म्हणत होते. "आमच्या तालुक्यापर्यंत नाई येत, पन ऐकून आहो."

"म्हणणारं काय बी म्हणत्यात. वर बघा की," मालक म्हणाले. "बघा कसं निळंशार हाय."

वनमाला हसली. तिनं भिंतीला टेकून पाय लांब केले होते. रात्रभराच्या प्रवासानं तिचे पाय सुजले होते.

"तुमच्या तुळशीले आज डोक्यावरून आंघोळ घातली वाटते," ती म्हणाली. "लई निगा ठेवता वो ताई."

मी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला.

लाइनीतल्या भिंती म्हणजे एका विटेच्या. शेजारी कोणी कूस बदलली तरी कळायचं. वनमालानं कान दिला.

"कोन खोकलते?"

"शेजारची," मी म्हणाले.

"लहान आहे?"

"सा वर्सांची."

"मायबाई. आतून येऊन राहिला खोकला. तिच्या मायले झोप नसन."

मी साखर टाकली. मग आठवलं की आधीच टाकली होती.

"मग ते काऊन बदली मागत नाई?" तिनं विचारलं.

"मागत्यात. जोडीदार घावत न्हाई."

"काऊन?"

तिनं ते साधेपणानंच विचारलं होतं. माझ्याकडं बघत ती उत्तराची वाट बघत राहिली. मी चुलीतलं लाकूड उगीच पुढं सारलं.

पलीकडचा खोकला थांबला नाही. आधी तो कोरडा होता, मग त्यात शिट्टी वाजायला लागली. ती शिट्टी मला माहीत होती. ती आली की सुलभाला आडवं ठेवायचं नाही, पुढं वाकवून छातीशी धरायचं, वाफ द्यायची. खंडारेबाईंना ते माहीत नव्हतं. त्या म्हणत होत्या, "निज बाई, निज जराशी, चुप हो." म्हणजे त्यांनी तिला आडवं केलं होतं. मी श्वास मोजत बसले. एक आला. मग येईना. मग शिट्टी.

मी उठले. चहा उतू जात होता तो तसाच सोडला.

अंगणातून जाताना मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि मान जराशी हलवली. नको, असं. मी थांबले नाही. खंडारेबाईंच्या दारातून आत गेले, सुलभाला उचललं, खांद्यावर पुढं वाकवून धरलं आणि तशीच त्याच अंगणातून परत आले. त्या दोघांच्या समोरून. सुलभा मध्येच श्वास ओढत होती आणि तो सुटला की 'आई, आई' करत होती.

स्वयंपाकघरात मी तिला चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरलं. वनमालानं काही न बोलता चहा बाजूला ओतला, पातेल्यात नुसतं पाणी घातलं आणि जाळ वाढवला. बऱ्याच वेळानं शिट्टी बारीक झाली. सुलभाचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं.

"तुमची?" वनमालानं विचारलं.

"माझी."

मी दाराकडं बघितलं. मालक आणि देवराव दोघं उंबऱ्याशी उभे होते. त्यांच्या मागं खंडारेबाई. आता लपवायला काही उरलं नव्हतं, तरी मालकांचे डोळे म्हणत होते, अजून सावर. नुसता पडसं-खोकला म्हण. मलाही क्षणभर तसं म्हणावंसं वाटलं. पोर मांडीवर होती आणि दोन महिन्यांनी तिला डोंगरात नेता आलं असतं.

"चिमण्या बंद हायत ह्या आठवड्यात," मी वनमालाला म्हणाले. "म्हणून आभाळ दिसतंय. सोमवारी सुरू हुत्याल. मग ह्या तुळशीचं पान दिसायचं न्हाई. लाइनीत सगळ्याच घरांत कोण ना कोण खोकतंय. आमची सगळ्यात ल्हान, म्हणून तिला जास्त."

खंडारेबाईंनी कपाळावर हात मारला. "काय केलं वो शेंडगीणबाई? आपल्या हातानं?"

देवराव मालकांकडं वळले. "शेंडगे, तुम्ही मले आभाळ दाखवत होते."

"व्हय," मालक म्हणाले. "दाखवत हुतो."

"पोलीस आहो आपन. पोलिसानं पोलिसाले असं?"

मालकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पोरगी माझी हाय, ढोके." एवढंच. मी त्यांना साहेबांपुढं, गुंडापुढं, मयताच्या नातेवाइकांपुढं उभं राहिलेलं पाहिलं होतं. असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

देवरावांनी अर्जाची घडी घातली. "चाल वनमाला. चारची गाडी आहे."

वनमाला उठली नाही. तिनं सुलभाचे पाय आपल्या मांडीवर घेतले होते आणि अंगठ्यानं तळवे चोळत होती.

"चाल म्हनलं ना."

"मामंजी गेले तेव्हा तुम्ही पोचले नाई," ती पायांकडं बघतच बोलली. "आता सासूबाई अंथरुनात पडल्या. शेजारचे भरवतात तं जेवतात. किती स्थळं पाहिली तुम्ही?"

"दुसरं पाहू."

"दोन वर्षं पाहूनच राहिलो." तिनं सुलभाचा दुसरा तळवा हातात घेतला. "अन् आपल्या घरी खोकलायले आहे कोन?"

देवरावांनी तोंड फिरवलं आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले.

वनमाला मला म्हणाली, "नऊ वर्षं झाली ताई लग्नाले. दवाखाने झाले, देव झाले. मागच्या साली मोठ्या डॉक्टरनं सांगतलं, आस सोडा म्हने. मी सोडली. आमच्या घरात राख पडली तं पडली. पुसून घेईन." आणि तिनं आवाज चढवून बाहेर हाक दिली, "घर चांगलं आहे म्हनते मी. सही करा!"

देवराव बराच वेळ आत आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी मालकांकडून पेन मागून घेतलं. पुठ्ठा अंगणातच राहिला होता, म्हणून त्यांनी अर्ज आमच्या पाटावर ठेवून सही केली. मालकांनी त्याखाली आपली केली.

गाडीला पोचवायला मी गेले नाही, सुलभा झोपली होती. दारातच मी वनमालाच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरायला नारळ घेतला आणि तिच्या बोलण्याची आठवण होऊन हात थांबला. ओटी कशाची भरायची? तिनंच पदर पुढं केला.

"भरा ताई," ती म्हणाली. "नारळाचं काय, खोबरं होईन."

हुकूम पावसाळ्यानंतर आला. मालक कार्यमुक्त झाले त्या दिवशी मी पातं घेऊन त्यांच्या बाहीवरच्या पट्ट्यांची शिवण उसवली. पट्ट्या निघाल्या, पण उन्हात बाकीचा शर्ट विटलेला आणि पट्टीखालचं कापड नवं. पट्टीची जागा दुरून दिसायची. "ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले, "शर्टबी हाय तोच घालीन." साताऱ्यात त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान पोरं त्यांना ए शेंडगे म्हणायची. ते हूं म्हणायचे.

क्वार्टरची किल्ली मी वनमालाच्याच हातात दिली. सांगण्यासारखं एकच होतं. "खिडकीला ओलं फडकं बांदत जा," मी म्हणाले. ती हसली आणि पदर सावरून आत गेली. आतून तिच्या सासूबाईंचा आवाज येत होता, खाट इकडं नको, तिकडं ठेव म्हणून.

सुलभा दुसऱ्या हिवाळ्यात खोकली नाही. तिसऱ्यात ती डोंगर चढून मेंढरांमागं पळायची आणि मला तिला हाका मारमारून खाली आणावं लागायचं. पुढं मालकांची बदली आमच्याच तालुक्याच्या ठाण्याला झाली, वाडीला एसटी आली, फाट्यावर दवाखाना झाला. ढोक्यांची खबर पहिली काही वर्षं यायची. संक्रांतीला तिळगुळाचं पाकीट, कोणी पोलीस तिकडून आला तर त्याच्या हाती निरोप. त्यांच्या आई गेल्याचं कळलं. मग पाकिटं थांबली. मालक बंदोबस्ताला जायचे, तिथं त्यांना देवराव भेटत असतील. ते काही बोलायचे नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सुलभाचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हणाले, ढोक्यांना पत्रिका धाडा. मालकांनी पत्रिकांचा गठ्ठा उगीच सारखा केला. मग म्हणाले, "धाडतो."

ते आले. दोघंही लग्नाच्या सकाळी आले. देवरावांचे केस पांढरे झाले होते. वनमालानं सुलभाचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "केवढी झाली वो ही पोट्टी!" मी तिला मिठी मारली. मांडवात कामं इतकी होती की पुढं बोलणं झालं नाही. मालकांच्या ठाण्यातले, साताऱ्याहून आलेले, बरेच पोलीस जेवायला होते. मी वाढपाकडं लक्ष ठेवून फिरत होते, तेव्हा बघितलं, देवराव पंगतीत एकेकापाशी वाकून विचारत होते. "तुमच्यात आमच्या बाजूचा कोनी आहे का हो? विदर्भात यायले राजी असा?" एक जण म्हणाला, "आता कशापायी काका? नोकरी किती राहिली तुमची?" देवराव हसले. "राहिली थोडी."

मला ते विचित्र वाटलं. आई गेली, घर तिकडंच, मग या वयात बदली कशाला? पण अक्षतांची वेळ झाली होती.

मंगलाष्टकं चालू असताना मागून खोकला आला.

मांडवात चारशे माणसं असतील. ताशे, भटजी, पोरांचा गोंधळ. पण मला तो ऐकू आला. आधी कोरडा. मग त्यात शिट्टी. माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. अंतरपाटापलीकडं सुलभानंही मान वळवली. तिलाही ती शिट्टी कळली असणार.

अक्षता पडल्या आणि मी माणसांतून वाट काढत मागं गेले. मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपामागं वनमाला बसली होती. तिच्या पुढ्यात एक पोरगा होता, नऊ-दहा वर्षांचा, नव्या सदऱ्यातला. सकाळी तो मला त्यांच्याबरोबर दिसला नव्हता. तिनं त्याला पुढं वाकवून छातीशी धरलं होतं. अगदी बरोबर धरलं होतं.

मला बघून ती दचकली. मग तिनं पदर सावरला.

"कोण गं हा?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं, मांडवात, सुलभा हार घालत होती, तिच्याकडं बघितलं.

"शेजारचा आहे," ती म्हणाली. "त्याच्या मायले येनं जमलं नाई. म्हनून घेऊन आलो."

पोराचे कान तिच्यासारखे होते. कपाळ देवरावांचं. तो श्वास घेत होता आणि त्याच्या मुठीत तिच्या पदराचं टोक होतं.

मला विचारता आलं असतं, हा कधी झाला, तू कळवलं का नाहीस. विचारलं नाही. आज माझ्या लेकीचं लग्न होतं आणि आजच्या दिवसापुरतं आपलं दुखणं तिनं माझ्यापासून दूर ठेवलं होतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि पोराचे तळवे चोळायला घेतले. ते गार होते. आचाऱ्याच्या चुलीवरच्या मोठ्या पातेल्यातून मी उकळतं पाणी मागवलं. हळूहळू त्याची शिट्टी बारीक झाली. मांडवात जेवणाच्या दुसऱ्या पंगतीची हाळी झाली.

"शेजारचा असंल तर ऱ्हाऊ दे त्याला हितं," मी म्हणाले.

तिनं न ऐकल्यासारखं केलं.

"सुलभाची खोली आजपासनं मोकळीच हाय. शाळा वाडीत हाय, दवाखाना फाट्यावर. त्याच्या आईला सांग, शेंडगीणबाईंनी ठिवून घेतला. जोडीदार घावला की घिऊन जा म्हणावं."

ती पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

संध्याकाळी सुलभाची पाठवणी झाली. त्यानंतर एसटीची वेळ झाली तशी मालक आणि मी ढोक्यांना फाट्यावर पोचवायला गेलो. देवरावांनी आपली पेटी टपावर चढवली. वनमालाची बोचकी आत दिली. शेवटी खाली पोरगा आणि त्याची कापडी पिशवी राहिली; पिशवी उचलायला त्यांनी हात पुढं केला.

वनमालानं ती पिशवी पायानं हळूच मागं सारली. माझ्या पायापाशी. मग मागं न बघता ती गाडीत चढली.